कर्नाळा, नांदूरमध्यमेश्वर की ठाणे खाडी? स्थलांतरित पक्षी पाहायला निघण्याआधी

थंडी पडायला लागली की "पाहुणे पक्षी बघायला कुठे जायचं?" हा प्रश्न सुरू होतो आणि उत्तर बहुधा अंतरावर ठरतं. पनवेलकर कर्नाळ्याला जातो, नाशिककर नांदूरमध्यमेश्वरला, ऐरोली-मुलुंडचा माणूस खाडीवर. अंतराचा हिशेब करावाच, पण शेवटी. आधी ठरवायचं ते हे की आपल्याला झाडीतले पक्षी पाहायचेत, पाण्यावरचे, की चिखलावरचे. तिन्ही जागा कायद्याने अभयारण्यं आहेत आणि तिन्हीकडे दूरदेशीचे पक्षी उतरतात. मात्र कर्नाळ्यात एकेक पाहुणा शोधून काढावा लागतो. नांदूरला तो हजारोंनी समोर असतो आणि ओळखायचाच राहून जातो. खाडीत तो दिसणार की नाही हे समुद्राची भरती ठरवते. नांदूरची अपेक्षा घेऊन कर्नाळ्याला गेलेली मंडळी "तिथे काही नव्हतंच" म्हणत परत येतात. पक्षी असतात, ते शोधायची रीत वेगळी असते.

जागा मुळात काय आहेत

कर्नाळा हे किल्ल्याभोवतीचं डोंगरी जंगल. पनवेलपासून साधारण १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. १९६८ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा क्षेत्र जेमतेम ४.४८ चौरस किलोमीटर होतं, २००३ मध्ये ते १२.११ चौरस किलोमीटर झालं. पायथ्याला पानगळीचं जंगल, ओढ्यांच्या कडेने दाट सदाहरित झाडी, वर कातळ आणि सुमारे सव्वाशे फुटांचा सुळका. इतक्या लहान जागेत दोनशेहून अधिक पक्षी नोंदले गेलेत ते या थरांमुळेच. पाचोळ्यात चरणारा पक्षी वेगळा, शेंड्यावरचा वेगळा आणि कड्यावर बसणारा वेगळा.

नांदूरमध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटर. ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे दगडी बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हा तोटाच, कारण साठवण कमी होते. पण त्याच गाळाने उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती आणि चिखलाच्या पट्ट्या तयार केल्या, आणि बदकांना, चिखलपायांना (चिखलात चरणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांना) नेमकं हेच लागतं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर. मात्र त्यात गावं आणि शेतं मोठ्या प्रमाणावर आहेत. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलेली जागा १,४३७ हेक्टर, म्हणजे जवळपास साडेचौदा चौरस किलोमीटर. २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं. क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकी खाडीचं पाणी. २०२२ मध्ये तेही रामसर यादीत गेलं. दोन्ही बाजूंना महानगर, मध्ये तिवरांचं रान आणि ओहोटीला उघडी पडणारी गाळाची मैदानं.

महिना आधी, जागा नंतर

स्थलांतर म्हणजे हिवाळा हे समीकरण निदान कर्नाळ्यासाठी मनातून काढून टाका. तिथला सगळ्यात देखणा पाहुणा पावसाळ्यात येतो. तिबोटी खंड्या हा रायगडचा जिल्हा पक्षी. जेमतेम १३-१४ सेंटीमीटरचा, म्हणजे चिमणीएवढा. जांभळट नारिंगी अंग, निळी पाठ, लाल चोच. पहिल्या दमदार पावसाबरोबर तो कोकणातल्या ओढ्यांवर येतो, काठाच्या मातीत आडवं बीळ कोरतो आणि पिल्लांना पाली, सापसुरळ्या, छोटे खेकडे, बेडूक भरवतो. त्याच सुमारास नवरंगही विणीसाठी येतो आणि सकाळी त्याची दोन सुरांची शीळ रानभर ऐकू येते. चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये पक्षी बघायचे असतील तर तिघांत तुलनाच नाही, कर्नाळा.

ऑक्टोबरपासून चित्र बदलतं. उत्तरेकडून निळ्या टोपीचा शैलकस्तूर, निलांग, लाल छातीचा माशीमार, पर्णवटवटे आणि राखी कोतवाल कर्नाळ्यात उतरतात. स्वर्गीय नर्तक हिवाळ्यात ओढ्याकाठी हमखास दिसावा असा. डिसेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा हा इथला हिवाळी हंगाम, आणि जानेवारीअखेरीपासून सावर फुलायला लागली की त्याला वेगळाच रंग चढतो. फुललेल्या एका सावरीखाली तासभर थांबलात तर भोरड्या, कोतवाल, हळद्या, पर्णपक्षी आणि मैना आळीपाळीने येऊन जातात. अर्धं जंगल पायाखाली घालून जेवढं दिसणार नाही तेवढं ते एक झाड दाखवतं.

नांदूरला बदकांमध्ये भुवई बदक सर्वांत आधी, ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्येच येऊ लागतं. बाकीची बदकं, म्हणजे थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रवाक, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जमतात. इथे बरेच जण फसतात. ऑक्टोबरात आलेल्या नर बदकांचा विणीचा पिसारा उतरलेला असतो आणि ते मादीसारखेच मळकट तपकिरी दिसतात. थापट्याचं हिरवं डोकं किंवा तलवार बदकाची पांढरी मान दिवाळीत शोधायला गेलात तर निराश व्हाल. हे रंग डिसेंबरअखेर पुरते खुलतात. त्यामुळे ओळखायला शिकायचं असेल किंवा फोटो हवे असतील तर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी हा काळ धरा. शैलकस्तुराचंही असंच असतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला नराच्या पिसांना तपकिरी कडा असतात, त्या झिजत गेल्या की फेब्रुवारी-मार्चमध्ये खालचा निळा उघडा पडतो.

खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून वाढत जातात आणि मे महिन्यापर्यंत मोठ्या संख्येने राहतात. हिवाळा हुकला, परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्येच मुलांना न्यायचं आहे, अशा कुटुंबाला खाडी हेच उत्तर आहे. एप्रिलमध्ये नांदूरची बदकं उत्तरेकडे निघून गेलेली असतात आणि कर्नाळ्याच्या वटवट्यांनीही निरोप घेतलेला असतो.

प्रत्यक्ष दिसतं काय, आणि का दिसत नाही

कर्नाळ्यात नवखा माणूस सहसा एक चूक करतो: चालत राहतो. गेटपासून किल्ल्यापर्यंतची चढण दोन-अडीच तासांची, आणि ती ट्रेक म्हणून चढली तर घाम निघेल, पक्षी निघणार नाहीत. जंगलात हिवाळी पक्षी मिश्र थव्याने फिरतात. पंधरा-वीस मिनिटं रान सुनं असतं, आणि अचानक एका झाडावर कोतवाल, निखार, शिलींध्री, सातभाई आणि त्यांच्यात मिसळलेले दोन-तीन जातींचे पर्णवटवटे उतरतात. पाच-दहा मिनिटांत थवा पुढे सरकतो. कोतवालाचा कलकलाट ऐकला की जिथे असाल तिथे थांबा, थव्याच्या मागे धावू नका, तो कोणत्या दिशेला सरकतोय ते पाहून त्याच्या पुढे जाऊन उभे राहा. सकाळी ६:३० ते ९:३० हा मुख्य वेळ. फेब्रुवारीनंतर ओढे आटले की उरलेल्या डबक्यांवर आणि वनविभागाच्या पाणवठ्यांवर दुपारी ११ ते २ पुन्हा हालचाल होते. डबक्यापासून पंधरा-वीस मीटर दूर, झाडाला टेकून बसलात तर कस्तुरासारखे लाजरे पक्षीही पाण्यावर येतात.

दुसरी अडचण आवाजाची. महामार्ग अभयारण्यातून जातो आणि रुंद झालाय. जंगलातला पक्षी आधी कानाला कळतो, मग डोळ्याला. रस्त्यालगतच्या पट्ट्यात वाहनांच्या घरघरीत वटवट्याचं बारीक "चि-विट्" विरून जातं. म्हणून गेटजवळ रेंगाळू नका, सरळ आत शिरा. हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटा आहेत. वेळ कमी असेल किंवा सोबत लहान मूल असेल तर हरियाल, अर्धा दिवस हातात असेल तर मोरटाका. किल्ल्याची वाट शनिवार-रविवारी गजबजते, ती पक्ष्यांसाठी निवडू नये. सुळक्याभोवती घिरट्या घालणारे शिकारी पक्षी मात्र वरूनच नीट दिसतात, आणि तेही ऊन तापून हवा वर चढायला लागली की, साधारण दहानंतर.

नांदूरला सगळं पाण्याच्या पातळीवर आहे. जलाशय काठोकाठ असेल तर बदकं दूरवर विखुरतात आणि चिखल बुडालेला असल्याने तुतवार, मालगुजा, शेकाट्या यांना चरायला जागा नसते. कालव्यांना किंवा खाली जायकवाडीकडे आवर्तन (ठरवून सोडलेलं पाणी) सुटलं की पातळी उतरते, गाळाच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि एकाच ठिकाणी दहा-बारा जातींचे चिखलपाये मिळतात. पण पातळी फारच खाली गेली तर बदकं दुसरीकडे उडून जातात. म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी जलाशयाकाठच्या चापडगावच्या वनकर्मचाऱ्यांना किंवा तिथल्या गाइडना "पाणी किती आहे, आवर्तन चालू आहे का?" एवढंच विचारा. पक्षी आलेत का, हे विचारून उपयोग नाही, ते आलेलेच असतात.

दुसरं, निफाडची थंडी. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव दर हिवाळ्यात येतं. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर धुकं बसतं आणि अनेकदा आठ वाजेपर्यंत निरीक्षण मनोऱ्यावरून काही म्हणजे काही दिसत नाही. हा वेळ काठच्या बाभळी, गवत आणि शेतबांधावर घालवा. निळ्या कंठाचा शंकर पाणकणसाच्या मुळाशी शेपूट उडवत फिरतो, पिवळ्या डोक्याचे धोबी चिखलाच्या कडेला असतात, गवतावरून भोवत्या हा शिकारी पक्षी खालून खालून उडत जातो. आठ ते दहा हा पाण्यावरचा सर्वोत्तम वेळ. दहानंतर ऊन तापतं, पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून दूरचं बदक वितळल्यासारखं दिसतं. दुर्बीण खराब झालेली नसते. तेव्हा थांबा आणि साडेतीननंतर पुन्हा बसा. सकाळ-संध्याकाळ सूर्य पाठीशी येईल असा मनोरा निवडला नाही, तर हजार बदकं असूनही फक्त काळ्या आकृत्या दिसतात.

खाडीचं गणित थोडक्यात सांगता येतं. ओहोटीला गाळ उघडा पडतो तेव्हा रोहित चरायला पसरतात. ऐन भरतीला ते नवी मुंबईतल्या पाणथळींवर विश्रांतीला जातात. पण पुरती ओहोटी असेल तर बोट निघू शकत नाही. म्हणून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे ठरतात आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतात. आरक्षण करताना वार बघण्याआधी भरतीचं कोष्टक बघा. बोटीची वेळ सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा येईल असा दिवस पकडा, भर दुपारच्या फेरीत चकाकणारं पाणी आणि डोकेदुखी हाती लागते. रोहित दोन जातींचे असतात. लहान रोहिताची चोच गडद लाल-काळसर, मान आखूड, रंग अधिक गुलाबी आणि संख्या बरीच जास्त. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोक काळं. लहान रोहित सूक्ष्म शैवाल गाळून खातो, मोठा चिखलातले लहान जीव टिपतो.

सोबत काय न्यावं

एकच दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी. जंगलात ती १०×४२ पेक्षा सरस, कारण दृश्यक्षेत्र मोठं आणि हलणारा वटवट्या लवकर सापडतो. नांदूरला १०× चा फायदा होतो, पण खरी मजा तिवईवर लावलेल्या २०-६० पट स्पॉटिंग स्कोपची. तो विकत घ्यायची घाई नको. स्थानिक गाइडकडे असतो, आणि गाइडचे पैसे हा नांदूरच्या सहलीतला सर्वांत चांगला खर्च आहे. कर्नाळ्यात गाइड नसला तरी चालतं, पण कान तयार हवा. जायच्या आधी आठवडाभर पाच-सहाच पक्ष्यांचे आवाज ऐकून ठेवा: कोतवाल, तांबट, शीळकरी कस्तूर, पर्णवटवट्या, माशीमार, हरियल. मोबाइलमधलं आवाज ओळखणारं ॲप मदत करतं, महामार्गाच्या आवाजात मात्र ते फसतं.

कपडे मातकट, हिरवट. कर्नाळ्यात पावसाळ्यात जळवांपेक्षा निसरड्या कातळाची काळजी जास्त, त्यामुळे चांगली पकड असलेले बूट. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाणं सॅकमध्येच ठेवा. नांदूरला स्वेटर-कानटोपी आणि दुपारसाठी टोपी, दोन्ही. तिथे उसाच्या फडांमध्ये बिबट्याचा वावर आहे, तेव्हा पहाटे किंवा अंधार पडल्यावर फडातून एकट्याने आडवाट धरू नका, गाव-मनोरा रस्ता सोडू नका.

अभयारण्याचा शिक्का आणि त्याखालची वस्तुस्थिती

कुठे जावं हे ठरवताना ही बाजू कोणी विचारात घेत नाही, आणि माझ्या मते ती घ्यायला हवी. कारण तुमच्या जाण्याचा भार तिन्ही जागांवर सारखा पडत नाही.

कर्नाळा लहान आहे. तिबोटीच्या एका बिळासमोर दहा कॅमेरे उभे राहिले की चोचीत पाल धरलेला पक्षी समोरच्या फांदीवर नुसता बसून राहतो, बिळात शिरत नाही. तो अर्धा तास पिल्लं उपाशी असतात, आणि बीळ कुठे आहे हे शिकाऱ्याला कळतं ते वेगळंच. बीळ दिसलं तर त्यापासून दूर व्हा, जागेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. ज्याला फक्त तिबोटीचा क्लोज-अप हवा आहे त्याने विणीच्या काळात कर्नाळ्याला जाऊच नये, असं मी स्पष्ट सांगेन.

नांदूरला गर्दीचा ताण कमी, पाण्याचा जास्त. जलाशय सिंचनाचा आहे, पक्ष्यांसाठी पाणी राखून ठेवण्याचा प्रश्न आवर्तनाच्या वेळापत्रकानंतर येतो. जलपर्णी पसरली की पाण्याचा उघडा पृष्ठभाग झाकला जातो, खालचा प्राणवायू घटतो आणि डुबी मारणाऱ्या बदकांना जागा उरत नाही. इथे पाहुण्याने करण्यासारखं एक उपयोगी काम आहे, ते म्हणजे मोजणी. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. थवा मोजायची रीत सोपी: आधी दहा पक्ष्यांचा गठ्ठा डोळ्यांत बसवायचा, मग तसे किती गठ्ठे ते मोजायचे, हजारावर गेलं की शंभराचा गठ्ठा धरायचा. मधेच भोवत्या आला आणि सगळे उडाले तर पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या पाणथळीवर नियमित २०,००० पाणपक्षी येतात का, हा रामसरच्या निकषांपैकी एक आहे. अशा आकड्यांना म्हणूनच वजन असतं.

खाडीत बोटीतून कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठ्या टाकणं थांबलंच पाहिजे. तळलेलं मिठाचं खाणं त्यांच्या आहारात बसत नाही, आणि बोटीमागे लागायची सवय लागली की त्या स्वतःचं खाद्य शोधणं कमी करतात.

मग कोणी कुठे जावं

पहिल्यांदाच पक्षी पाहणार असाल, सोबत आजी-आजोबा किंवा मुलं असतील, तर नांदूर. मनोऱ्यावर बसून, फार न चालता, एका सकाळी चाळीस-पन्नास जाती आरामात होतात आणि पक्षी स्थिर असल्याने पुस्तकाशी ताडून बघता येतात. मुंबई-पुण्याहून दोन्हीकडून साधारण दोनशे किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे आदल्या रात्री नाशिक किंवा निफाडला मुक्काम करा. एका दिवसात जाऊन-येऊन करणारे बरोबर दहाला पोहोचतात, म्हणजे हवा थरथरायला लागते तेव्हा.

बदकं पाहून झालीत, आता पक्षी शोधायचा नाद लागलाय, एकाच रानात पुन्हा पुन्हा जाता येईल, तर कर्नाळा. एका फेरीत इथे वीस-पंचवीस जाती झाल्या तरी समाधान मानावं. जून, ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी अशा चार वेगळ्या महिन्यांत गेलात तर यादी झपाट्याने वाढते, कारण प्रत्येक वेळी पाहुणे वेगळे असतात. पनवेल स्थानकावरून पेणकडे जाणारी एसटी अभयारण्याच्या दारात सोडते, स्वतःच्या गाडीची गरज नाही. पहिली एसटी गाठायची हे मात्र पथ्य.

हातात फक्त तीन तास आहेत, किंवा एप्रिल-मे उजाडलाय, तर खाडी. दृश्य एकच, पण ते भव्य आहे. मात्र पक्ष्यांची विविधता शिकायला ती जागा पहिली निवडू नका. बोट हलते, थांबत नाही, आणि चिखलावरचे लहान तुतवार ओळखायला लागणारा निवांतपणा तिथे मिळत नाही.

ज्यांना थंडीत दोन शनिवार-रविवार काढता येतील त्यांनी पहिला जानेवारीच्या मध्यात नांदूरला आणि दुसरा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कर्नाळ्याला द्यावा. तोवर नांदूरला बदकांचे रंग खुललेले असतील, कर्नाळ्यात सावर फुललेली असेल आणि ओढ्यांत डबकीच उरलेली असतील. शक्य असेल तर कर्नाळ्यासाठी रविवारऐवजी शनिवार निवडा, आणि गेट उघडताना आत शिरा.